काल कल्पिलेला उद्या : दीर्घजीवी विज्ञानकथामालांच्या दृश्यरचनेतील स्मरणरंजन

विज्ञानकथेचा विषय भविष्यकाळ हा होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे; आणि एखादी कादंबरी किंवा एखादा चित्रपट एवढ्यापुरता विचार केला तर ती चुकीची नाही. परंतु एकच कथाविश्व जेव्हा तीस, चाळीस, साठ वर्षे चालू राहते, निरनिराळ्या पिढ्यांचे लेखक, नेपथ्यकार व प्रेक्षक त्यात येऊन जातात, तेव्हा एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण होते. कथेतील भविष्यकाळ पुढेच राहतो, पण त्या भविष्यकाळाचे चित्र मात्र जुने होते. १९६६ साली रंगविलेले तेविसावे शतक आज पाहिले तर ते तेविसाव्या शतकासारखे वाटत नाही. १९६६ सालासारखे वाटते. अशा वेळी नवा भाग रचणाऱ्या नेपथ्यकाराने इमान कोणाशी राखावयाचे? आजच्या ज्ञानाला अनुसरून नवे भविष्य कल्पावयाचे, की पूर्वसूरींनी कल्पिलेले भविष्यच जतन करावयाचे? ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः ‘स्टार ट्रेक’ ह्या अमेरिकन कथामालेच्या आधारे करावयाचा आहे. ती निवडण्याचे कारण असे की, ह्या एका मालेत सदर प्रश्नाची जवळजवळ सर्व उत्तरे, परस्परविरोधी उत्तरांसह, देऊन झाली आहेत.

प्रथम संज्ञेविषयी. ज्या परकीय शब्दासाठी आपण ‘स्मरणरंजन’ हा शब्द योजतो, तो मूळचा वैद्यकातला. १६८८ साली योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरी परतणे आणि वेदना ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो बनविला. परमुलखात राहणाऱ्या माणसांना जडणारा घराच्या ओढीचा विकार, हा त्याचा अर्थ होता. पुढे स्थळाची ओढ मागे पडून काळाची ओढ हा अर्थ रूढ झाला. स्वेतलाना बॉइम ह्यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार कल्पिले आहेत : गेलेली वास्तू पुन्हा उभारू पाहणारे एक, आणि ती गेली आहे ह्या जाणिवेतच रमणारे दुसरे. हा भेद आपल्याला पुढे उपयोगी पडेल. त्याच्याही आधी, नवव्या दशकात, फ्रेडरिक जेमसन ह्यांनी ‘स्टार वॉर्स’ ह्या चित्रपटाची गणना स्मरणरंजनपर चित्रपटांत केली होती. त्यांच्या मते तो चित्रपट भूतकाळ दाखवीत नाही. भूतकाळात पाहिलेल्या बक रॉजर्सछाप साप्ताहिक साहसपटांचा अनुभव मात्र पुन्हा देतो. हे निरीक्षण मोलाचे आहे. तथापि ज्या काळी ते मांडले गेले त्या काळी ह्या कथामाला तरुण होत्या, दुसऱ्याच्या आठवणींवर पोसल्या जात होत्या. त्या स्वतःच्याच आठवणींवर जगू लागल्या म्हणजे काय होते, हे पाहावयास अजून अवकाश होता.

आता मूळ मालिकेकडे वळू. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी ह्या जालावर सुरू झाली आणि १९६९ च्या जूनमध्ये ७९ भागांनंतर संपली. तिच्या दृश्यरूपाची कारणे शोधू गेल्यास भविष्यवेधी कल्पकतेपेक्षा काटकसर व तांत्रिक अपरिहार्यता ह्यांचा वाटा किती मोठा आहे, हे ध्यानात येते. प्रत्येक भागात अवाढव्य यान ग्रहावर उतरविणे खर्चाचे होते, म्हणून माणसे प्रकाशरूपाने अदृश्य होऊन खाली प्रकट होतात अशी ‘ट्रान्सपोर्टर’ची युक्ती निघाली. नियंत्रणकक्षातील खुर्च्या कोणी तेविसाव्या शतकासाठी घडविलेल्या नव्हत्या. वास्तुशिल्पी एरो सारिनेन ह्यांच्या प्रसिद्ध एकपायी ‘ट्यूलिप’ खुर्चीच्या धर्तीवर बर्क नावाची कंपनी ज्या खुर्च्या विकीत असे, त्याच थोड्या फेरफाराने तेथे आल्या. एका भागासाठी विचित्र घाटाच्या मीठदाण्या खरेदी केल्या गेल्या. परंतु त्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकाला कळणारच नाही असे वाटल्यावरून त्या बाजूला ठेवल्या गेल्या आणि डॉक्टर मकॉय ह्यांची शस्त्रक्रियेची उपकरणे म्हणून वापरात आल्या. सर्वच गोष्टी अशा योगायोगाच्या होत्या असे मात्र नव्हे. ‘एंटरप्राइझ’ यानाची आकृती, तबकडी, धड आणि मागे दूर धरलेल्या दोन नळकांड्या, ही मॅट जेफरीज ह्यांची विचारपूर्वक निर्मिती होती. जेफरीज दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर काम केलेले व विमानविद्येत मुरलेले गृहस्थ होते. यंत्राचे धोक्याचे भाग वसतीपासून दूर असावेत हा विमानतज्ज्ञाचा विचार त्या आकृतीत दिसतो.

रंगांची कथा अधिक बोधप्रद आहे. एनबीसीची मालकी आरसीए ह्या कंपनीकडे होती आणि ही कंपनी रंगीत दूरचित्रवाणी संच विकीत असे. सातव्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील घराघरांत रंगीत संच शिरत होता, आणि झगझगीत रंगांनी भरलेली मालिका त्या संचाची जाहिरातच होती. म्हणून कर्मचाऱ्यांचे सदरे सोनेरी, निळे व तांबडे. परंतु ह्यांतील सोनेरी सदरा वस्तुतः सोनेरी नव्हताच. वेषभूषाकार विल्यम वेअर थाईस ह्यांनी केलेला, मखमलीसारख्या वेलूर कापडाचा तो सदरा हिरवट होता. स्टुडिओतील दिव्यांखाली, फिल्मवर तो सोनेरी उमटे. कप्तान कर्क कधी कधी जो गुंडाळीचा सदरा घालतो तो वेगळ्या कापडाचा असल्यामुळे पडद्यावरही हिरवाच दिसतो. म्हणजे फिल्मच्या रसायनाने एक रंग निर्माण केला, प्रेक्षकाने तो लक्षात ठेवला, आणि पुढच्या काळातील वेषभूषाकारांनी मोठ्या निष्ठेने सोनेरी कापड विणून घेतले! (आपल्याकडे ही मालिका दूरदर्शनवर नवव्या दशकात रविवारी दाखविली जात असे. तेव्हा पुष्कळ घरांत संच कृष्णधवलच होते, आणि त्या प्रेक्षकांच्या आठवणीत हा सारा रंगप्रपंच नसणारच. स्मरणरंजन सर्वांचे एकसारखे नसते.)

ह्या सामग्रीवरून प्रस्तुत लेखकाला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते असे : दीर्घजीवी विज्ञानकथामालेत ज्याची ओढ लागते तो भूतकाळ नसतो, तर भूतकाळाने केलेला एक तर्क असतो; आणि त्या तर्काची पुनरावृत्ती झाली की त्याचे कार्यच पालटते. पहिल्या वेळी नेपथ्य ‘भविष्य असे असेल’ असे म्हणते. दुसऱ्या वेळी तेच नेपथ्य ‘हे आपलेच घर आहे’ एवढेच म्हणते. विधानाची खूण होते. खूण एकदा झाली की, मूळ वस्तू विचाराने निर्माण झाली होती की पैशांच्या चणचणीने, ह्याला महत्त्व उरत नाही. योगायोगालाही नियमाची प्रतिष्ठा लाभते.

ही ओढ मालेच्या जन्मापासून नव्हती, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. मालिका संपल्यानंतर दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, पहिला चित्रपट निघाला तेव्हा निर्मात्यांनी जुने रूप बिनदिक्कत टाकून दिले. रंगीत सदरे जाऊन राखी-बदामी गणवेश आले, यानाचा तपशील बदलला, आणि ‘क्लिंगॉन’ नामक परग्रहस्थांच्या कपाळावर एकाएकी हाडांचे उंचवटे उगवले. ह्याचे स्पष्टीकरण कथेत कोणी दिले नाही. हातात पैसा आला म्हणून चांगला मुखवटा केला, एवढाच त्याचा अर्थ. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ ह्या मालिकेनेही तोच बाणा ठेवला. नियंत्रणकक्षात गालिचा आला, भिंतींचे रंग सौम्य झाले, आणि बटणांच्या जागी मायकेल ओकुडा ह्यांनी रचलेले सपाट, काळ्या पाटीवर रंगीत पट्ट्या असलेले स्पर्शफलक आले. हे फलक भविष्यसूचक ठरले ह्याचे आज कौतुक होते, आणि ते यथार्थ आहे. परंतु मागून उजेड सोडलेली पारदर्शक चित्रे ही शेकडो बटणे व दिवे बसविण्यापेक्षा स्वस्त पडत, हेही त्याचे एक कारण होते. येथेही काटकसरच कामी आली. फरक इतकाच की ह्या खेपेस काटकसरीची तोंडमिळवणी नव्या तर्काशी झाली.

मग पालट केव्हा झाला? मध्यंतरीच्या काळात प्रेक्षकाच्या हाती जुनी मालिका पुन्हा पुन्हा पाहण्याची साधने आली. आठव्या दशकात स्थानिक वाहिन्यांवर तिचे अखंड पुनःप्रक्षेपण होत राहिले. १९७५ मध्ये फ्रान्झ जोसेफ ह्यांची यानांच्या आराखड्यांची तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध झाली. पुढे चित्रफिती घरोघर आल्या. जे केवळ ओझरते पाहावयाचे, ते आता थांबवून मोजता येऊ लागले. पुठ्ठ्याच्या व प्लायवूडच्या भिंतींना लांबी-रुंदी प्राप्त झाली. ज्या वस्तूचा आराखडा छापला गेला तिच्यात बदल केला की तो ‘चूक’ ठरतो. ओझरत्या आठवणीत तो खपून जातो. खेळणी व प्रतिकृती विकणाऱ्यांचा हितसंबंध ह्याच दिशेने काम करीत होता हे खरे. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणे हे फार सोपे, आणि म्हणून अपुरे, उत्तर आहे.

ह्या नव्या जाणिवेचा पहिला उत्तम आविष्कार म्हणजे १९९२ च्या ऑक्टोबरमधील ‘रेलिक्स’ हा भाग. जुन्या यानाचा अभियंता स्कॉटी पंचाहत्तर वर्षे एका यंत्रात अडकून राहिल्यावर नव्या ‘एंटरप्राइझ’वर बाहेर पडतो. त्याचे ज्ञान कालबाह्य झाले आहे. जेथे तेथे त्याची अडगळच होते. तेव्हा तो, हवे ते दृश्य संगणकाकडून निर्माण करविणाऱ्या खोलीत जातो आणि आपल्या जुन्या यानाचा नियंत्रणकक्ष मागतो. त्या नावाची याने अनेक होऊन गेल्यामुळे संगणक त्याला विचारतो, कोणते? दार उघडते आणि १९६६ चा तो कक्ष समोर उभा राहतो. हे दृश्य साकारण्यासाठी निर्मात्यांनी जुन्या कक्षाचा फक्त काही भाग नव्याने बांधला; रिकाम्या कक्षाचे दूरचे दृश्य १९६७ च्या एका भागातून जसेच्या तसे उचलले. नव्या-जुन्या चित्रांची ही जोडणी जवळजवळ कळत नाही. परंतु ह्या प्रसंगाची खरी थोरवी तंत्रात नाही. येथे स्मरणरंजन हाच कथेचा विषय केला आहे. स्कॉटीच्या मागे उभे राहून प्रेक्षक स्वतःकडे पाहतो, आणि शेवटी तो म्हातारा स्वतःच्या हाताने ते दृश्य बंद करून निघून जातो. बॉइम ह्यांच्या परिभाषेत हे दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे अंतर मान्य करणारे स्मरणरंजन होय.

चार वर्षांनी, मालेला तीस वर्षे झाली त्या निमित्ताने, ‘डीप स्पेस नाइन’ ह्या मालिकेतील पात्रे कालप्रवास करून १९६७ च्या एका गाजलेल्या विनोदी भागात शिरली. जुन्या चित्रांत नवे नट संगणकाने बसविले, आणि नव्याने उभारलेल्या दालनांतील प्रकाशयोजना, रंग व फिल्मचा पोत जुन्याशी जुळविण्यासाठी अपार कष्ट घेतले. सदऱ्यांच्या रंगांचा घोटाळा, जुन्या उपकरणांच्या घाटाचे एका पात्राला वाटणारे कौतुक, हे सारे संवादांत आले. सपाट कपाळाचे क्लिंगॉन पाहून इतर पात्रे आपल्या क्लिंगॉन सहकाऱ्याकडे प्रश्नार्थक दृष्टीने पाहतात, तेव्हा तो हा विषय परक्यांशी बोलण्याचा नाही असे सांगून तोंड फिरवतो. हा विनोद निर्दोष आहे, कारण तो विसंगती झाकीत नाही. पुढे २००५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ ह्या मालिकेने दोन भाग खर्ची घालून त्या कपाळांचे रोगजंतुमूलक स्पष्टीकरण दिले. १९७९ मध्ये ज्याची कोणाला दखलही घ्यावीशी वाटली नाही, त्याची २००५ मध्ये लेखकांना जबाबदारी वाटू लागली! एका रंगभूषेच्या अंदाजपत्रकाचा इतिहास अखेर जीवशास्त्राचा इतिहास झाला.

इतर मालांशी तुलना केली असता हा पेच सर्वत्र सारखा नसल्याचे दिसते. ‘स्टार वॉर्स’ची कथा फार पूर्वी घडून गेली असे आरंभीच सांगितले जाते, भविष्याचे ओझे तिच्यावर नाही. शिवाय १९७७ च्या पहिल्या चित्रपटातील वस्तू मुद्दामच वापरलेल्या, मळलेल्या दाखविल्या होत्या : शस्त्रे दुसऱ्या महायुद्धातील बंदुकांवरून केलेली, तर प्रकाशखड्गाची मूठ एका जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची. जी वस्तू पहिल्या दिवशीच जुनी होती ती आणखी जुनी कशी होणार? त्यामुळे २०१६ च्या ‘रोग वन’ला १९७७ च्या चित्रपटाला अगदी खेटून उभे राहता आले, त्या वेळी चित्रित करून न वापरलेली वैमानिकांची दृश्येसुद्धा त्यात मिसळून गेली. मात्र १९९४ मध्ये दिवंगत झालेले नट पीटर कुशिंग ह्यांचा चेहरा संगणकाने निर्माण करण्यात आला, तेव्हा नेपथ्याला लागू पडणारा न्याय माणसालाही लागू पडतो काय, हा प्रश्न उपस्थित झाला. ‘एलियन’ मालेत २०१२ च्या ‘प्रोमिथियस’ने पूर्वकाळात तरंगत्या प्रकाशचित्रांचे यंत्रज्ञान दाखविले आणि २०२४ च्या ‘एलियन : रोम्युलस’ने पुन्हा १९७९ चे काचनळीचे जाड पडदे पसंत केले. ‘डॉक्टर हू’चे उदाहरण तर सर्वांत विलक्षण. १९६३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर दिसणारी पोलिसांची निळी पेटी कालयानाचे रूप म्हणून निवडली गेली ती नजरेत भरू नये म्हणून. पुढे रस्त्यांवरील पेट्या गेल्या, मालिकेतील राहिली. आणि २००२ मध्ये त्या आकृतीच्या व्यापारचिन्हाबाबत पोलीस दल व बीबीसी ह्यांच्यातील वादाचा निकालही बीबीसीच्या बाजूने लागला.

‘स्टार ट्रेक’कडे परत येऊ. २००९ च्या चित्रपटाने निराळा कालप्रवाह कल्पून आपली सुटका करून घेतली. कक्ष पांढराशुभ्र केला, पण सदरे सोनेरी, निळे व तांबडेच ठेवले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘डिस्कव्हरी’ला ही पळवाट नव्हती. तिची कथा मूळ मालिकेच्या सुमारे दहा वर्षे आधीची, आणि दृश्यरूप मात्र पूर्णपणे आजचे. आरंभी निर्मात्यांनी क्लिंगॉनांना केसही ठेवले नाहीत; २०१९ च्या दुसऱ्या पर्वात ते परत उगवले. त्याच पर्वातील एका भागाच्या आरंभी १९६० च्या दशकातील मूळ पथदर्शी भागाची चित्रे, मागील कथानक म्हणून, दाखविली आणि लागलीच नव्या नटांच्या, नव्या नेपथ्याच्या चित्रांनी कथा पुढे चालू केली. हे दोन्ही एकच आहे असे प्रेक्षकाने मानावे, असा हा बेधडक आग्रह होता. २०२२ च्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये त्याच भूमिकेचा विस्तार झाला : जुन्या कक्षाची मांडणी, कठड्याचा तांबडा रंग, मध्यभागी कप्तानाची खुर्ची हे सर्व ठेवले, पण प्रत्येक पृष्ठभाग महागडा व चकचकीत केला.

ह्या पद्धतीच्या समर्थनार्थ असे म्हणता येते की, प्रेक्षकाच्या आठवणीतील यान प्रत्यक्षापेक्षा नेहमीच भव्य असते, आणि नवे नेपथ्य त्या आठवणीशी इमान राखते. हा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. परंतु ह्यात एक गोष्ट गमावली जाते. जुना कक्ष जसाच्या तसा दाखविला तर १९६६ च्या माणसाने काय कल्पिले आणि काय त्याला कल्पिता आले नाही, हे दोन्ही दिसते. त्यावर चकाकी चढविली की ती मर्यादा पुसली जाते आणि आजचा नवा तर्कही केला जात नाही. कारण मांडणी उसनी आहे आणि नवे आहे ते फक्त पॉलिश. अशा नेपथ्याला ना इतिहासाचे पुराव्याचे मोल, ना भविष्यकथनाची जोखीम. उत्कृष्ट कारागिरी असूनही ह्या मालिकांच्या दृश्यरूपातून ओकुडांच्या फलकांसारखी, पुढे घराघरात दिसावी अशी एखादी वस्तू निघेल काय, ह्याविषयी म्हणूनच शंका वाटते.

२०२३ मधील ‘पिकार्ड’च्या तिसऱ्या पर्वात १९८७ चा नियंत्रणकक्ष पुन्हा बांधण्यात आला. मूळ कक्ष केव्हाच मोडून टाकलेला असल्याने आराखडे व छायाचित्रे ह्यांवरून तो गालिच्यासकट उभा करावा लागला. वृद्ध झालेली सात पात्रे त्यात पाऊल ठेवतात, तेव्हा कप्तान आपल्याला सर्वांत जास्त उणीव भासली ती गालिच्याची, असे काहीसे थट्टेने बोलून जातो. होफरच्या मूळ अर्थाच्या इतक्या निकट जाणारे दुसरे उदाहरण ह्या मालेत सापडणार नाही. आकाशगंगा ओलांडणाऱ्या यानाविषयीची ही ओढ अखेर दिवाणखान्याची ओढ आहे. आणि ज्या दिवाणखान्यात बसून प्रेक्षकाने ते यान पाहिले, त्यातही त्या काळी बहुधा तसलाच गालिचा असावा.

जतनाची एक निराळी रीत मालेच्या बाहेर, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात पाहावयास मिळते. जेफरीज ह्यांच्या यानाची चित्रीकरणासाठी केलेली सुमारे अकरा फूट लांबीची प्रतिकृती १९७४ मध्ये ह्या संग्रहालयाला मिळाली. पुढील काळात तिची डागडुजी अनेकदा झाली. १९९१ च्या दुरुस्तीत तिच्यावर मूळच्यापेक्षा ठळक रेषा व छटा आल्या आणि त्यावर बरीच टीका झाली. २०१६ मध्ये नव्याने दुरुस्त करून ती प्रदर्शित झाली, तेव्हा तज्ज्ञांसमोर प्रश्न होता की कोणत्या तारखेचे यान मूळ मानावयाचे, कारण चित्रीकरणाच्या काळातही तिच्यात फेरफार होत गेले होते. त्यांनी १९६७ चा ऑगस्ट महिना निश्चित केला. तबकडीच्या वरच्या बाजूचा जो मूळ रंग शिल्लक होता त्याला हात लावला नाही. आतील दिव्यांच्या तारा प्रतिकृतीच्या डाव्या अंगाने आत नेलेल्या होत्या, म्हणून कॅमेरा नेहमी उजवीकडे असे आणि ते डावे अंग कोणी कधी सजविलेच नव्हते. ते तसेच ठेवले आहे.